गिऱ्हाईक टिकवायचं तर आधी माणसं टिकवा

शिर्डीचं दर्शन उरकून राहुरी-सोनईमार्गे शनिशिंगणापूरकडे निघालेल्या भाविकाच्या गाडीला वाटेत कुठे ना कुठे एखादी मोटारसायकल आडवी येते. गाडी इकडं घ्या, पार्किंग फुकट आहे, पूजेचं ताट आपल्याच दुकानात मिळेल, असं सांगत ती गाडीला ठरावीक दुकानापर्यंत पोहोचवते. शिंगणापुरात या माणसांना लटकू म्हणतात, शिर्डीत पॉलिशवाले. त्यांच्या आणि ताटाला लावलेल्या अवाच्या सवा भावाच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं येत आहेत. पोलीस अधूनमधून धरपकड करतात, चार दिवस रस्ता मोकळा होतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून शिंगणापूरची ख्याती आहे. युको बँकेनं २०११ मध्ये कुलूप न लावता चालणाऱ्या शाखेसाठी हेच गाव निवडलं होतं. एवढ्या विश्वासाच्या गावात पाहुण्याला पहिला अनुभव अविश्वासाचा यावा, हे नगर जिल्ह्याच्या व्यापाराला लागलेलं दुखणं आहे. त्यावरचा इलाज मात्र आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. त्या पोराला शिस्त नाही, संस्कार नाहीत, असं म्हणून विषय मिटवला जातो. तो कोणत्या अटींवर राबतो, हे कोणी विचारत नाही.

त्या अटी पाहिल्या की त्याच्या वागण्याचं कोडं उरत नाही. त्याला ठरलेला पगार नाही, हजेरी नाही, सुट्टी नाही. दुकानात गेलेल्या गाडीमागे आणि विकल्या गेलेल्या ताटामागे जे कमिशन सुटेल, तेवढीच त्याची कमाई. समोरचा भाविक नागपूरचा, इंदूरचा नाहीतर हैदराबादचा, आणि तो पुन्हा कधी भेटेल याची शाश्वती नाही. म्हणजे गाडी सोडली तर आजची चूल अडते आणि भाविक नाराज होऊन गेला तर या पोराचं काहीच बिघडत नाही. अशा अटींवर कोणालाही उभं केलं, अगदी चांगल्या घरातल्या, शिकलेल्या मुलाला, तरी महिन्याभरात तो गाडीच्या मागे धावू लागेल. नुकसान होतं ते गावाचं, आणि सचोटीनं धंदा करणाऱ्या शेजारच्या दुकानदाराचं. या लेखात मांडायचं आहे ते एवढंच: गिऱ्हाइकाशी कर्मचारी कसा वागेल हे त्याच्या स्वभावापेक्षा मालकानं त्याला कोणत्या अटींवर ठेवलं आहे यावर ठरतं. म्हणून ग्राहकसेवा सुधारायची असेल तर सुरुवात पगाराच्या वहीपासून आणि हजेरीच्या रजिस्टरपासून करावी लागते. भिंतीवर ‘ग्राहक देवो भव’ची पाटी लावून ती होत नाही.

यावर लगेच कोणी म्हणेल की मग कमिशनच वाईट. तसं नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांचं जाळं दाट आहे आणि त्यांचे पिग्मी एजंट आजही नगरच्या गंजबाजारापासून कोपरगावच्या पेठेपर्यंत छोट्या ठेवी गोळा करत रोज दुकानोदुकानी फिरतात. ही पद्धत सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केली आणि तीही कमिशनवरच चालते. तरी पिग्मी एजंट सहसा उर्मट नसतो. टपरीवाल्याच्या घरी आजारपण आहे हे त्याला ठाऊक असतं, एखाद्या दिवशी भरणा झाला नाही तर तो मुकाट्यानं पुढे जातो. कारण उद्या त्याला त्याच दारात यायचं आहे. त्याच्या कमाईची मुळं एकाच गिऱ्हाइकाच्या वर्षानुवर्षांच्या विश्वासात आहेत. सर्वोच्च न्यायालयानंही २००१ मध्ये बँकांच्या अशा ठेव गोळा करणाऱ्यांना कामगार मानलं आणि त्यांचं कमिशन म्हणजे वेतनच असल्याचं सांगितलं. लटकू आणि पिग्मी एजंट दोघंही कमिशनवर, पण एकाचं कमिशन आजच्या झटापटीवर अवलंबून आणि दुसऱ्याचं उद्याच्या भेटीवर. आपल्या दुकानात विक्रीवर ‘इन्सेंटिव्ह’ लावताना मालकानं हाच प्रश्न स्वतःला विचारावा. बक्षीस आज गळ्यात मारलेल्या मालावर मिळतं, की परत आलेल्या गिऱ्हाइकावर? पहिल्या प्रकारचं बक्षीस ठेवलं तर औषधाच्या दुकानात नको असलेलं टॉनिक विकलं जाईल, मोबाईलच्या दुकानात म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात महागडा हप्त्यावरचा फोन जाईल, आणि ते विकणाऱ्या पोराला दोष देण्याचा हक्क मालकाला उरणार नाही. निम्म्याहून बरीच जास्त कमाई ठरलेल्या पगाराची असावी, वरचं बक्षीस एकट्याच्या विक्रीवर न देता सगळ्या दुकानाच्या महिन्याच्या कामावर द्यावं, आणि परत आलेला, बदलून नेलेला माल त्यातून वजा धरावा. एवढ्यानंही काऊंटरवरची भाषा बदलते.

आता नगरच्या कापडबाजारात लग्नसराईत जरा डोळे उघडे ठेवून उभं राहा. बस्त्याला दहा-बारा माणसांचं कुटुंब आलेलं असतं. सेल्समन एकामागून एक साड्यांच्या घड्या मोडतो, पदर खांद्यावर टाकून दाखवतो, पुन्हा वरच्या फळीवरून गठ्ठा काढतो. नवरीची आई म्हणते रंग फिका आहे, मावशी म्हणते काठ बारीक आहेत. चाळीस साड्या उघडल्यावर कुटुंब ‘जरा बाहेर बघून येतो’ म्हणत उठतं आणि त्या चाळीस घड्या पुन्हा घालायच्या असतात. सकाळी दहापासून रात्री साडेनऊपर्यंत हे काम उभ्यानं चालतं. जुन्या पेढीवर पांढरी गादी असे आणि तिच्यावर गिऱ्हाईकही बसे, माल दाखवणाराही बसे. गादी गेली, काचेचे काऊंटर आले, गिऱ्हाइकाला गुबगुबीत खुर्ची मिळाली आणि विकणारा कायमचा उभा राहिला. हा बदल कोणी दुष्टपणानं केला नाही, पण कोणी त्याचा विचारही केला नाही. संध्याकाळी सात वाजता ज्याच्या पिंढऱ्या दुखताहेत त्यानं सकाळच्यासारखंच हसून एकेचाळिसावी साडी उघडावी, ही अपेक्षा माणसाच्या शरीराला धरून नाही.

केरळमधल्या बायकांनी हा मुद्दा रस्त्यावर आणला. कोळिकोडमध्ये विजी पेणकूट्टू यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या, लघवीला जायचीही चोरी असलेल्या बायकांना संघटित केलं. ‘बसण्याचा हक्क’ ही मागणी सुरुवातीला अनेकांना हास्यास्पद वाटली. पण २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनं तोच रस्ता धरला. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो मागणीचा लहानपणा. एका स्टुलासाठी आणि एका स्वच्छतागृहासाठी आंदोलन आणि कायदा लागावा, याचा अर्थ मालकाच्या नजरेला कर्मचाऱ्याचे पाय कधी दिसलेच नव्हते. आपल्याकडे त्यासाठी कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. गिऱ्हाईक नसताना बसायची मुभा, बायकांसाठी कडी लागणारं स्वच्छ शौचालय, जेवायला निवांत अर्धा तास आणि जेवण ठेवायला एक कपाट, एवढं महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात आजच करता येतं. ‘बसलेला सेल्समन आळशी दिसतो’ हा समज सोडावा लागेल. बँकेतला रोखपाल बसूनच पैसे मोजतो आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

उभं राहण्याहून जड असं आणखी एक काम या माणसांच्या वाट्याला येतं आणि ते पगाराच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून १९८३ मध्ये ते नेमकं दाखवून दिलं: आतून काहीही वाटत असलं तरी चेहरा प्रसन्न ठेवणं हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला झिजवतात. हे श्रम करायला बळ लागतं आणि ते बळ मालक पुरवतो किंवा हिरावून घेतो. हिरावून घ्यायची सर्वांत सर्रास रीत म्हणजे गिऱ्हाइकादेखत केलेली खरडपट्टी. ‘याला काही कळत नाही, थांबा मी दाखवतो’ असं म्हणून गल्ल्यावरून उठणाऱ्या मालकाला वाटतं की आपण गिऱ्हाइकाचा मान राखला. प्रत्यक्षात त्यानं तीन गोष्टी एका दमात केलेल्या असतात. त्या पोराचा कामातला जीव काढला, ‘इथं मालकाशिवाय कोणाला काही कळत नाही’ हे गिऱ्हाइकाला शिकवलं आणि पुढच्या प्रत्येक सौद्यात स्वतःला अडकवून घेतलं. मग तोच मालक तक्रार करतो की दोन दिवस लग्नाला गेलं तर दुकान चालत नाही. चूक दाखवायची ती दुकान बंद झाल्यावर, बाजूला घेऊन, आणि नेमकी. ‘तू असाच आहेस’ असं म्हणायचं नाही, ‘बिल करताना दोनदा रक्कम चुकली, त्याचं कारण काय’ असं विचारायचं. कौतुक मात्र चारचौघांत करायला काहीच हरकत नाही.

गिऱ्हाइकाच्या उद्धटपणाबद्दलही मालकाला भूमिका घ्यावीच लागते. गिऱ्हाईक राजा आहे हे खरं मानलं तरी राजाला शिव्या द्यायचा परवाना मिळत नाही. जोखमीचे प्रसंग आपल्याकडे नवे नाहीत. पतसंस्था किंवा बँक अडचणीत आली की ठेवीदारांचा सगळा राग खिडकीत बसलेल्या कारकुनावर निघतो. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेवीदाराचा संताप रास्तच असतो, पण कर्ज कोणाला द्यायचं हे खिडकीतल्या माणसानं ठरवलेलं नसतं. संस्था लहान असो वा मोठी, जो निर्णय वरून झाला त्याची उत्तरं द्यायला वरच्यांनीच पुढे यायला हवं. दुकानातही माल खराब निघाला, डिलिव्हरी चुकली, भाव वाढले, तर त्याचं उत्तर मालकानं द्यावं. आणि कोणी विक्रेत्या मुलीशी घाणेरडं बोलला तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवावा. ते एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मालक आपल्या पाठीशी उभा राहतो हे ज्यांनी एकदा पाहिलं, ते कर्मचारी पुढची दहा गिऱ्हाइकं जपतात.

आता मुख्य आक्षेप. ‘हे सगळं वाचायला ठीक आहे, पण आमच्या धंद्यात मार्जिन कुठं आहे? पगार वाढवायचा तर आणायचा कुठून?’ हा आक्षेप खोटा नाही. किराण्यासारख्या धंद्यात नफा खरोखर बारीक असतो. म्हणून हिशोबच मांडू. समजा एका कापडदुकानात तीन माणसं आहेत आणि प्रत्येकाचा पगार महिन्याला दोन हजारांनी वाढवला. जादा खर्च झाला सहा हजार. मालावर वीस टक्के सुटत असतील तर हे सहा हजार भरून काढायला महिन्याला तीस हजारांची जादा विक्री लागते. आठवड्याची सुट्टी धरून महिन्याचे सव्वीस दिवस मोजले तर दिवसाला सुमारे साडेअकराशे रुपयांची. म्हणजे रोज एक बरी साडी. ‘बाहेर बघून येतो’ म्हणून उठणाऱ्या कुटुंबांपैकी दिवसाला एक जरी कुटुंब थांबलं तरी वाढलेला पगार फिटला. आता उलट बाजू पाहा. मुरलेला माणूस सोडून गेला की नव्याला कोणता माल कुठल्या फळीवर आहे, कोणत्या घराण्याची पसंती काय, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे कळायला किमान एक हंगाम जातो. तो हंगाम लग्नसराईचा असला तर नुकसान सहा हजारांत मोजता येत नाही. हा खर्च वहीत दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो.

हेन्री फोर्ड यांच्या वहीत तो दिसला. १९१३ साली त्यांच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जात होती की वर्षभरातल्या गळतीचं प्रमाण ३७० टक्क्यांच्या घरात गेलं होतं. म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलत. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी आठ तासांचा दिवस आणि दिवसाला पाच डॉलर रोज जाहीर केला. तो त्या वेळच्या रोजाच्या जवळजवळ दुप्पट होता. इतर कारखानदारांनी वेड्यात काढलं, पण गळती आटली आणि उत्पादन वाढलं. अर्थात नुसता पगार वाढवून बाकी सगळं जुनंच ठेवलं तर फायदा पदरात पडत नाही, हेही खरं. झेनेप टोन या अभ्यासक बाईंनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात कॉस्टको, मर्काडोना यांसारख्या दुकानसाखळ्यांच्या आधारे हेच मांडलं. चांगला पगार देऊनही ही दुकानं माल स्वस्त विकू शकतात, कारण त्यांनी सोबत कामाची घडी बदलली. विनाकारण शंभर प्रकारचा माल ठेवला नाही, एकाच माणसाला दोन-तीन कामं शिकवली, कामाच्या ठरावीक रीती लिहून ठेवल्या आणि माणसं अगदी तुटपुंजी न ठेवता थोडा वाव ठेवला. आपल्या दुकानदारानं यातलं शेवटचं विशेष ध्यानात घ्यावं. तीन माणसांचं काम दोघांवर ढकलून वाचवलेला पगार गर्दीच्या दिवशी दुप्पटीनं जातो.

दुसरा आक्षेप यापेक्षा जास्त वेळा ऐकू येतो: ‘शिकवा आणि सोडून जातात. हल्ली कामाला माणूसच मिळत नाही.’ यात तथ्य आहे, पण ते कोणाच्या विरोधात जातं हे पाहायला हवं. पारनेर तालुक्यातल्या पोराला आता सुपे औद्योगिक वसाहत जवळ आहे, थोडं पुढे गेलं की रांजणगाव, चाकण आहे. तिथं कंत्राटावर लागलं तरी शिफ्टची वेळ ठरलेली, कॅन्टीन आणि बस असते, पगार ठरल्या तारखेला खात्यात येतो. तो पोरगा आपल्या दुकानाची तुलना त्याच्याशी करतो. तालुक्याचा दुकानदार कंपनीइतका पगार देऊ शकणार नाही, हे कबूल. पण कंपनीचा दुसरा गुण, म्हणजे ठरलेपणा, त्याला एक पैसा न खर्चता देता येतो. आपल्याकडे बहुतेक दुकानांत पगार ‘पाच-सात तारखेपर्यंत’ होतो, तोही निम्मा. बाकीची उचल म्हणून मागावी लागते. रात्री दुकान कधी बंद होईल सांगता येत नाही. खाडा झाला तर दिवसाचा पगार कापला जातो, पण दिवाळीच्या आठवड्यात रोज तीन तास जास्त थांबलं तर त्याचा हिशोब कुठेच नसतो. माणूस गरिबीपेक्षा अनिश्चिततेला जास्त कंटाळतो. घराचा हप्ता, मुलाची फी, आईचं औषध यांच्या तारखा ठरलेल्या असतात आणि पगाराची मात्र नसते. म्हणून पहिली सुधारणा ही: पगाराची एक तारीख, ती पाळायचीच. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि जादा वेळेचा मोबदला या तर कायद्याच्याच गोष्टी आहेत. दुकान लहान आहे म्हणून त्या टाळण्यात प्रतिष्ठा नाही. साध्या वहीच्या पानावर का होईना, कामाच्या अटी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आणि जाणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी शांतपणे विचारावं की का चाललास. त्याचं उत्तर बऱ्याचदा पगाराचं नसतं.

एवढं करूनही काही माणसं जातीलच. जाऊ द्यावीत. आपल्याकडे काम शिकलेला माणूस चांगल्या आठवणी घेऊन गेला तर तो दहा ठिकाणी दुकानाचं नाव घेतो. उचलीचे पैसे दाबून ठेवून काढलेला माणूसही दहा ठिकाणी नाव घेतोच. तालुक्याचं गाव लहान असतं.

पगार आणि वेळ ठरली, तरी एक गोष्ट उरते आणि ती मालकांना सर्वांत अवघड जाते. ती म्हणजे अधिकार देणं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचं उदाहरण इथं मोलाचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथल्या कर्मचाऱ्यांनी पळून न जाता पाहुण्यांना बाहेर काढलं. अकरा कर्मचारी जिवाला मुकले. हे कसं घडलं याचा अभ्यास हार्वर्डच्या रोहित देशपांडे यांनी केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे आलेल्या गोष्टी मोठ्या शहरी नव्हत्या. ताज कर्मचारी मुद्दाम लहान शहरांतून निवडत असे आणि गुणांपेक्षा वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत पाहत असे. हॉटेलधंद्यात बारा महिने चालणारं प्रशिक्षण तिथं अठरा महिने चाले. पाहुण्याच्या हिताचा निर्णय जागच्या जागी घ्यायची मुभा कर्मचाऱ्याला असे. कोणी चांगलं काम केलं तर त्याची दखल ४८ तासांच्या आत घेतली जाई. ताजकडे पैसा आहे म्हणून हे जमलं, असं म्हणता येईल. पण यातल्या निदान दोन गोष्टींना पैसा लागत नाही: वेळेवर घेतलेली दखल आणि निर्णयाची मुभा. संगमनेरच्या मोबाईल दुकानात गिऱ्हाईक आठवड्यानं चार्जर परत घेऊन येतं. काऊंटरवरचा मुलगा म्हणतो, शेठ आल्यावर बघू. शेठ पुण्याला गेलेले असतात. गिऱ्हाईक दोनदा हेलपाटा मारतं आणि तिसऱ्यांदा ऑनलाइन मागवतं. तीनशे रुपयांच्या चार्जरसाठी घालवलेलं हे गिऱ्हाईक वर्षभरात तीस हजारांचा माल नेणारं असू शकतं. पाचशे रुपयांपर्यंतची तक्रार काऊंटरवरच मिटवायची, फक्त वहीत लिहून ठेवायची, असा नियम केला तर महिन्याला किती रक्कम गेली हे डोळ्यांसमोर राहतं आणि फसवणुकीची भीतीही कमी होते. सुरुवातीला पोरं चुकतील. चुकीबद्दल पगारातून कापणी केली की मुभा कागदावर राहते आणि ‘शेठ आल्यावर बघू’ परत येतं.

इतका वेळ मालकाला उद्देशून लिहिलं, याचा अर्थ कर्मचाऱ्याकडे मागण्यासारखं काही नाही असा नव्हे. गिऱ्हाईक समोर उभं असताना मोबाईलवर रील पाहणं, ‘नाही’ म्हणून मोकळं होणं, माल माहीत नसताना ठोकून देणं, न सांगता खाडा करणं, या गोष्टी धंदा बुडवतात आणि त्यांना माफी नसावी. फक्त शिस्त कोणाच्या तोंडून आली तर टिकते, हा प्रश्न आहे. मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहा. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि आपल्या अकोले तालुक्यातून गेलेली ही माणसं १८९० च्या सुमारापासून डबे पोहोचवत आहेत. हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी त्यांच्यावर अभ्यास केला, त्या काळी सुमारे पाच हजार डबेवाले होते. त्यांच्यात कोणी मालक नाही. गट स्वतःचा हिशोब पाहतो, मिळकत आपापसांत वाटून घेतो, मुकादम त्यांच्यातूनच पुढे येतो. आणि तरी, खरं तर त्यामुळेच, शिस्त कडक आहे: कामावर टोपी नसली, दारू पिऊन आला, तर दंड. हा दंड त्यांनीच ठरवला आहे म्हणून तो बोचत नाही. प्रत्येक दुकानदारानं दुकानाची मालकी वाटून द्यावी असं सुचवायचं नाही. पण ज्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये त्याचं गाळप सुरू झालं, त्या जिल्ह्याला ‘आपलं’ म्हणून काम करणारा माणूस कसा राबतो हे बाहेरून शिकवायची गरज नाही. सहकार उसापर्यंत आला, दुधापर्यंत आला, काऊंटरपर्यंत मात्र तो फारसा पोहोचला नाही. निदान नियम तरी सगळ्यांना विचारून करावेत. आठवड्यातून एकदा दुकान उघडण्याआधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसावं. मोबाईल कुठे ठेवायचा, सुट्टीच्या पाळ्या कशा लावायच्या, गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, हे ठरवावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालकापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असतं.

राहिला शेवटचा आक्षेप: गिऱ्हाईक अखेर भावाला येतं, वागणुकीला कोण विचारतो? पाच वर्षांपूर्वी हे म्हणायला थोडी तरी जागा होती. आता भावात तालुक्याचं दुकान ऑनलाइन कंपन्यांपुढे टिकू शकत नाही, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. त्याच्याकडे उरतं ते एवढंच की गिऱ्हाईक दुकानात येतं, माल हाताळतं आणि समोर एक माणूस असतो जो त्याला ओळखतो, त्याची शेती ओळखतो, गेल्या वर्षी कोणतं बियाणं किंवा कोणता रंग नेला हे सांगू शकतो. दुकानाचं हे एकमेव भांडवल पगारावर ठेवलेल्या माणसाच्या डोक्यात साठलेलं असतं. तो दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर दुकानात आणि मोबाईलच्या पडद्यात फरक काय? शिर्डी-शिंगणापूरच्या व्यापाऱ्यांनाही हेच लागू आहे. भाविक एकदाच येतो हे अर्धसत्य आहे. तो घरी जाऊन सांगतो आणि त्याच्या सांगण्यावर पुढचे शंभर येतात किंवा सावध होऊन येतात. तिथल्या व्यापारी संघटनांनी भावाचे फलक लावावेत, आणि रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना दुकानात ठरलेल्या पगारावर घ्यायचा निर्णय एकत्र बसून घ्यावा. एकट्या दुकानदाराला तो परवडणार नाही, कारण शेजाऱ्याचा माणूस गाडी अडवत राहील. सगळ्यांनी मिळून केला तर पोलिसांच्या धरपकडीपेक्षा तो नक्की जास्त टिकेल.

येत्या दिवाळीची खरेदी सुरू होण्याआधी महिनाभराचा अवधी घ्या. दुकानात दोन-तीन स्टुलं आणा, शौचालयाची कडी दुरुस्त करा, पाचशे रुपयांच्या मुभेची वही घाला, दिवाळीच्या आठवड्यातल्या जादा तासांचा दर आत्ताच सांगून टाका, आणि पुढच्या महिन्यापासून पगाराची जी तारीख ठरवाल ती एकदाही चुकवू नका.